नवीन मांजर, लिटर बॉक्स आणि तुळशीची कुंडी

पारिजातक

नमस्कार. घरात मांजर असलेल्यांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर नेमकं काय होतंय ते कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळच्या बाजूला राहतो. टू बीएचके. घरात मी, नवरा, सासूबाई आणि पाचवीतली लेक. आमच्याच पार्किंगमध्ये जन्मलेली एक भाटी, म्हणजे मादी मांजर, पावसाळ्याच्या तोंडावर घरात आली आणि इथलीच झाली. वय पाच-सहा महिने असावं. नाव ठकी. खाते छान, खेळते छान, लेकीच्या दप्तरावर झोपते.

अडचण शी-शूची आहे. दुकानातून झाकणाचा लिटर बॉक्स आणला, त्यात लव्हेंडरच्या वासाचे पांढरे खडे घातले. ठकी जाते, वास घेते, एक पाय आत टाकते आणि मागे फिरते. मग थेट हॉलच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीत. रात्री बाल्कनीचं दार बंद असलं की बाथरूमसमोरचं पायपुसणं. पाहुण्यांच्या खोलीतल्या रजईवरही केलं आहे.

सासूबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं, मांजरांत वाढलेल्या आहेत. मांजराला त्यांची हरकत नाही, पण तुळशीत घाण झालेली त्यांना सहन होत नाही, आणि ते मला पटतं. त्यातून नणंद बाळंतपणासाठी इकडे येते आहे. मांजराच्या शीतून गर्भाला धोका असतो असं तिच्या सासरी कुणीतरी सांगितलंय. तेही खरं काय ते समजून घ्यायचं आहे.

ठकीला परत पार्किंगमध्ये सोडायचं नाही, हे घरात ठरलेलं आहे. तेवढा सल्ला कृपया देऊ नका.

खाडीकाठ

धागा काढलात ते बरं केलंत. पहिलं काम म्हणजे डॉक्टरला दाखवा. पार्किंगमधलं पिल्लू म्हणजे पोटात जंत असणारच असं धरून चाला. पोट बिघडलेलं मांजर ट्रेपर्यंत पोचू शकत नाही, आणि आपण सवयीला दोष देत बसतो. जंताचं औषध आणि लस हे आधी. बाकीचं जाणकार सांगतीलच.

नेरूळकर मावशी

पारिजातक, काही गोष्टी विचारते. बॉक्स घरात नेमका कुठे ठेवला आहे? तिथलं दार चोवीस तास उघडं असतं का? जवळपास काय आहे? बॉक्स केवढा आहे आणि ठकी त्यात गोल फिरू शकते का? झाकणाला ते लोंबतं प्लॅस्टिकचं दार आहे का?

उत्तरं येईपर्यंत एवढंच सांगते की तुमची मांजर हुशार आहे. तिला काय हवंय ते ती रोज तुळशीत जाऊन सांगते आहे.

पारिजातक

मावशी, बॉक्स ड्राय बाल्कनीत आहे, वॉशिंग मशीनच्या शेजारी, कारण जागा तिथेच आहे. पाऊस आत येतो आणि डासही, म्हणून रात्री ते दार लावून घेतो. बॉक्स दुकानातला मध्यम आकाराचा. ठकी आत मावते, पण वळताना अंग घासतं. हो, लोंबतं दार आहे.

खाडीकाठ, उद्याच नेते डॉक्टरकडे.

नेरूळकर मावशी

आता नीट लिहिते. माझ्या घरी नेरूळच्या सिडकोच्या छोट्या घरात गेली कित्येक वर्षं मांजरं आहेत, रस्त्यावरून आलेलीच. त्यातून जे कळलं ते असं, की मांजराला शी-शू शिकवावी लागत नाही. कुत्र्याला शिकवावी लागते. आपल्या घरातली मांजरं ज्या रानमांजरापासून आली ते आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं. सुटी माती उकरायची, उरकायचं, वर माती ओढायची, हे पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आपणहून करायला लागतं. ठकीला सगळं येतं. तिला आवडेल अशी जागा द्यायची, एवढंच आपलं काम.

तुळशीची कुंडी का आवडते बघा. माती मऊ आहे, उकरता येते. कसलाही अत्तराचा वास नाही. वरून उघडी आहे, चहूकडे नजर जाते, कुणी आलं तर पळता येतं. हॉलच्या बाल्कनीत आहे, म्हणजे ती जिथे वावरते तिथेच. आता तुमचा बॉक्स बघा. खडे टोचतात, लव्हेंडरचा वास आपल्या नाकाला गोड पण मांजराच्या नाकाला भपकारा, झाकणामुळे आत वास कोंडतो, वळायला जागा नाही, शेजारी मशीन कधी घुर्रकन फिरायला लागेल याचा नेम नाही, आणि रात्री दारच बंद. पायपुसणं आणि रजई या तिच्या रात्रीच्या सोयी आहेत. दुसरं काही उघडं नसतं तेव्हा जे मऊ सापडतं तिथे ती जाते.

म्हणून क्रमाने नाही, एकदमच हे करा. झाकण काढून टाका. बॉक्सच मोठा घ्या. कपडे ठेवायला पारदर्शक प्लॅस्टिकचे मोठे डबे मिळतात ना, झाकणवाले, त्यातला एक आणा आणि एका बाजूने आत शिरायला खाली कापून घ्या, कडा घासून गुळगुळीत करा. लांबी किती, तर मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले बहुतेक ट्रे मोठ्या मांजराला लहानच पडतात. आत साधारण दोन-तीन इंच थर. जास्त खोल भरलं तर पाय रुततात, ते काहींना नको वाटतं.

आत काय घालायचं? बिनवासाचं बारीक बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती, ओली झाल्यावर जिचा गोळा होतो ती. पण तिला मातीची ओढ आहे, म्हणून सुरुवातीला वर कुंडीतलीच दोन-तीन मुठी माती पसरा. ती त्यात जायला लागली की माती हळूहळू कमी करत न्या. घाई करू नका. आज माती, उद्या सगळं नवीन, असं केलंत तर पुन्हा कुंडी.

आणि जागा. ड्राय बाल्कनी विसरा. हॉलचा एखादा कोपरा, किंवा पॅसेजच्या टोकाला, जिथे दिवसरात्र जाता येईल. घरातल्या सगळ्यांना हे पहिल्यांदा अवघड वाटतं, हॉलमध्ये शीचा डबा कसा ठेवायचा म्हणून. दिवसातून दोनदा काढलंत तर वास येत नाही हे मी खात्रीने सांगते. आधी सवय लागू दे. नंतर बाथरूमकडे सरकवायचा असेल तर रोज थोडाथोडा सरकवा.

पहिले काही दिवस खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर तिला ट्रेपाशी न्या. उचलून आत सोडलीत तरी चालेल, पण तिचे पंजे धरून उकरून दाखवू नका. त्याने मांजर बिचकतं आणि त्या जागेला घाबरतं. चुकीच्या जागी केलं म्हणून ओरडायचं नाही, नाक घासायचं तर मुळीच नाही. तिला एवढंच कळतं की ही माणसं असताना शू करण्यात धोका आहे. मग ती पलंगाखाली, कपाटामागे जाऊन करते आणि तुम्हाला सापडतही नाही.

गच्चीतली बाग

मावशींचं सगळं पटलं. मी तुळशीपुरतं सांगते. उघडी माती दिसली नाही तर मांजर कुंडीत जात नाही. रोपाभोवती नदीतले गोल गोटे जवळजवळ बसवा, बोटभर फट ठेवा, पाणी त्यातून जातं. गोटे नसतील तर नारळाच्या करवंटीचे तुकडे, उलटे. दुसरा उपाय म्हणजे कुंडीच्या मापाची तारेची जाळी कापून मातीवर बसवायची, मधून खोड येऊ द्यायचं. मिरची पावडर किंवा डांबराच्या गोळ्या कुणी सांगितल्या तर अजिबात करू नका. मिरची पंजाला लागते, मग डोळ्याला. डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी आहेत.

पण हे सगळं नवा ट्रे मांडल्यावर करा. आधी कुंडी बंद केलीत आणि ट्रे आवडीचा नसला, तर उरली फक्त रजई.

दगडफूल

मी पशुवैद्यक आहे, नवी मुंबईत काम करते. मावशींनी लिहिलंय ते योग्य आहे, फक्त एक दुरुस्ती. घरात गरोदर बाई येणार आहे, तेव्हा ठकीने वापरलेली तुळशीतली माती ट्रेमध्ये घालू नका. नर्सरीतून नवीन लाल माती किंवा कोकोपीट आणा. तुळशीतलीही माती बदला, हातमोजे घालून. आजी तुळशीची पानं चहात किंवा तीर्थात घालत असतील तर माती बदलेपर्यंत थांबा, नंतरही धुऊनच घ्या.

कारण असं. टोक्सोप्लाझ्मा गोंडाय नावाचा एकपेशीय परजीवी आहे. मांजराला पहिल्यांदा त्याचा संसर्ग होतो तेव्हा एक ते तीन आठवडे त्याच्या शीतून या परजीवीच्या सूक्ष्म बीजपेशी बाहेर पडतात. नंतर सहसा पडत नाहीत. उंदीर मारून किंवा कच्चं मांस खाऊन संसर्ग होतो, म्हणून बाहेर जन्मलेल्या लहान वयाच्या मांजरात ही शक्यता जास्त. मात्र ताज्या शीतून लागण होत नाही. बाहेर पडल्यावर त्या बीजपेशी संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज ट्रे साफ केला की धोका खूप कमी होतो. ओलसर मातीत राहिल्या तर त्या कित्येक महिने टिकतात, म्हणून तुळशीची माती बदलायला सांगितली.

नणंदबाईंनी ट्रे साफ करायचा नाही, कुंड्यांत हात घालायचा नाही, बस. ठकीला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. ठकीला कच्चं मांस, कच्चे मासे देऊ नका. माणसांना ही लागण बरेचदा अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाज्यांतून होते, तेव्हा तिकडेही लक्ष हवं. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे सांगून ठेवा. रक्ताची तपासणी करायची का ते त्या ठरवतील.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, जी आपल्याकडे घरोघरी होते. ट्रे आणि लादी पुसायला फिनेल वापरू नका. क्लोरोझायलेनॉल असलेलं अँटिसेप्टिकही नको. फिनॉल गटातली रसायनं निष्प्रभ करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. ओल्या लादीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, एवढ्याने ते पोटात जातं. तोंडातून लाळ, पंजे लाल होणं, लडखडणं अशी लक्षणं घेऊन मांजरं येतात आणि घरच्यांना कारण ठाऊक नसतं. ट्रेला भांड्याचा साबण आणि गरम पाणी पुरतं. शूवर ब्लीच ओतू नका. शूतला अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू तयार होतो, तो तुम्हालाही वाईट.

रजई आणि पायपुसण्याला एन्झाइमवालं क्लीनर आणा. आपल्याला वास गेला असं वाटतं तेव्हाही मांजराला तो येत असतो. साध्या डिटर्जंटने शूतलं युरिक ॲसिड पुरतं निघत नाही. पायपुसणं सरळ टाकून द्या.

साधा चहा

आमच्याकडे कोपरखैरण्याला बोका बाथरूमच्या जाळीवर जातो, पाणी ओतलं की काम झालं. लिटरचा खर्चच नाही. हे शिकवता येत नाही का?

नेरूळकर मावशी

तुमचा बोका आपणहून जातो आहे तर जाऊ दे. शिकवायला मात्र जाऊ नका. उकरणं आणि पुरणं ही मांजराची गरज आहे, ती फरशीवर भागत नाही. शिवाय बाथरूमचं दार कुणी आंघोळीला लावलं की काय करणार? आणि पाणी ओतून टाकलं की शू किती झाली, रंग कसा, शी घट्ट की पातळ, काही कळत नाही. ट्रेमध्ये रोज दिसतं. मांजर आजारी आहे हे मला बहुतेक वेळा ट्रेनेच आधी सांगितलं आहे.

कोपरी पूर्व

खर्चाचा मुद्दा आला म्हणून लिहितो. आमच्या चाळीत तीन मांजरं आहेत आणि दुकानातलं सामान कुणालाच परवडत नाही. बांधकामवाल्याचं प्लॅस्टिकचं घमेलं घ्या. लहान मांजराला अगदी बरोबर होतं, काठ बुटका, धुवायला सोपं. काढायला जुना झारा, त्याला लाल दोरा बांधून ठेवायचा म्हणजे स्वयंपाकघरात जात नाही. मी बरेच दिवस धुऊन, चाळून, कडक उन्हात वाळवलेली रेती वापरली. मांजराला काही फरक पडला नाही. फक्त रेतीचा गोळा होत नाही, शू तळाला मुरते आणि लवकर वास मारते, म्हणून आठवड्यात दोनदा पूर्ण बदलावी लागते. पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा विकतचं आणतो.

सुताराकडचा भुसा आणू नका. प्लायवूडचा असतो, त्यात डिंक आणि रसायनं असतात, धूळ नाकात जाते. त्यापेक्षा पाइनच्या लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या मिळतात त्या चांगल्या. ओल्या झाल्या की भुसा होतो, तो चाळून काढायचा.

खाडीकाठ

मुळात पूर्वी अमेरिकेतही लोक राख आणि रेतीच वापरायचे. १९४७ साली मिशिगनमधल्या एड लोव नावाच्या माणसाने शेजारणीला राखेऐवजी फुलर्स अर्थ दिली, म्हणजे आपली मुलतानी मातीच. त्यावर त्याने सगळा धंदा उभा केला. गोळा होणारं बेंटोनाइट बरंच नंतर, १९८०च्या दशकात आलं. आणि बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आपल्या शेजारी कच्छमध्येच आहेत.

एक कळकळीची विनंती. ते लिटर कमोडमध्ये ओतू नका. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं. आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर पाइप तुंबला होता आणि मग मांजरवाल्या सगळ्याच घरांकडे लोक बोट दाखवायला लागले. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर खूण करा आणि डायपर, पॅड जसे वेगळे देतो तसं कचरावाल्या ताईंच्या हातात वेगळं द्या. ओल्या कचऱ्यात टाकलं तर सोसायटीच्या खतात मांजराची शी जाते. त्यांनाही हाताने वेचावं लागतं, तेव्हा गळणार नाही असं बांधा.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. ताजी बातमी.

डॉक्टरकडे नेलं. जंत होतेच, औषध दिलंय. मोठा डबा आणला, नवऱ्याने कापून दिला. हॉलच्या कोपऱ्यात खिडकीखाली ठेवला. बेंटोनाइट आणि वर नर्सरीतली माती. ठकीने संध्याकाळी येऊन वास घेतला, आत बसून बराच वेळ नुसती उकरत राहिली, मग उठून गेली. सकाळी बघितलं तर दोन्ही त्यात होतं आणि वर नीट माती ओढलेली! सासूबाईंनी स्वतः पाहिलं आणि म्हणाल्या, आमच्या परड्यात असंच करायची मांजरं.

तुळशीची माती बदलली, गोटे बसवले. एकदा येऊन गोट्यांवर बसून गेली, पण उकरलं नाही.

रजईचं मात्र अजून सुटलेलं नाही. त्या खोलीचं दार उघडं राहिलं की तिथे करते, ट्रे मोकळा असला तरी.

दगडफूल

छान प्रगती आहे. रजईचं समजून घेऊ. मऊ कापड, आधीचा वास आणि शांत खोली, तिन्ही एकत्र आहे. गादीलाही वास लागला असेल. एन्झाइम क्लीनर गादीत मुरू दे, लगेच पुसू नका, आणि पाऊस उघडला की गच्चीत कडक ऊन दाखवा. तोपर्यंत गादीवर बाळांसाठी असते ती रबराची शीट अंथरा, रजई कपाटात. त्या खोलीत एक छोटा दुसरा ट्रेही ठेवून बघा. शिवाय जिथे केलं होतं तिथेच तिची खाण्याची वाटी मांडा. जिथे जेवतात तिथे मांजरं घाण करत नाहीत.

आणि नसबंदीचं आता ठरवा. वय झालंच आहे. माजावर आलेली भाटीही ठिकठिकाणी शू शिंपडते, हे लोकांना माहीत नसतं. बोक्यांचं तर विचारूच नका. शेपूट ताठ, थरथरत, भिंतीवर उभ्याने मारलेली पिचकारी ही शू लागल्याची नसते, हद्दीची खूण असते. ती ट्रे बदलून थांबत नाही. नसबंदीने बहुतेक बोक्यांत थांबते.

ऐरोलीचा अप्पा

क्षमस्व, मध्येच घुसतो. धागा शोधत आलो. माझा बोका तीन वर्षांचा, नसबंदी झालेली, कधी ट्रेबाहेर केलं नाही. आज दुपारपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, ओरडतो, उठतो, परत बसतो. आत काहीच दिसत नाही. बाथरूमच्या फरशीवरही बसून बघितलं. बद्धकोष्ठ आहे का? थोडं तूप दिलं तर चालेल का? सकाळी डॉक्टरकडे नेणारच आहे.

दगडफूल

अप्पा, सकाळपर्यंत थांबू नका. आत्ता निघा. तूप नको, काही नको. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, खडे किंवा चिकट पदार्थ अडकून ती बंद होते. बद्धकोष्ठासारखंच दिसतं. शू तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो, आणि दुपारपासून म्हणजे तुम्हाला दिसल्यापासून. पोट दाबून बघू नका. ओळखीच्या डॉक्टरला फोन लावा, त्यांचा दवाखाना बंद असेल तर रात्री कोण घेतं ते तेच सांगतील. टोपलीत टॉवेल घालून न्या.

नेरूळकर मावशी

अप्पा, जा. आम्ही वाट बघतोय. पोचलात की एक शब्द लिहा.

ऐरोलीचा अप्पा

पोचलो. शू तुंबलेलीच होती. नळी घातली आहे, सलाईन चालू आहे, ठेवून घेतलंय.

ऐरोलीचा अप्पा

बोका घरी आला. थकलाय, पण काल रात्री ट्रेमध्ये मोठा ओला गोळा सापडला आणि बायकोने देवाला साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले पाणी फार कमी प्यायचा, नुसतं कोरडं खाणं. आता ओलं खाणं सुरू केलंय, घरात तीन ठिकाणी पाण्याचे वाडगे. दगडफूल ताई, तुमचे उपकार आहेत. कुणाचाही बोका असं सारखं बसून उठत असेल तर सकाळची वाट बघू नका, एवढंच लिहायला आलो होतो.

दगडफूल

खूप बरं वाटलं. पहिले काही आठवडे हे परत होऊ शकतं, म्हणून ट्रेमधले गोळे रोज बघा. किती आहेत आणि केवढे आहेत. छोटे छोटे बरेच गोळे दिसले तरी दाखवा. पाण्याचा वाडगा खाण्याच्या वाटीपासून आणि ट्रेपासून दूर ठेवा.

साधा चहा

हे वाचून आजपासून आमच्या बोक्यासाठीही बाथरूमशेजारी ट्रे मांडला आहे. मावशी, तुम्ही ट्रेने कळतं म्हणालात ते आत्ता पटलं. एक विचारायचं होतं. दुसरं मांजर आणायचा विचार आहे, तर ट्रे किती लागतील?

नेरूळकर मावशी

जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. दोघांना तीन. आणि तिन्ही एकमेकांना चिकटून नकोत, नाहीतर मांजराच्या लेखी तो एकच. एक दांडगं मांजर वाटेत आडवं पडलं की दुसऱ्याला जाताच येत नाही. आपल्या घरांत तीन ठेवणं जड जातं हे मला माहीत आहे. मी एक पलंगाखाली, एक पॅसेजमध्ये आणि एक बाथरूमच्या बाहेर ठेवते.

पारिजातक

नणंद आली. तिने हा सगळा धागा वाचला आणि तिच्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं, ट्रेला हात लावायचा नाही, बाकी काळजी नाही. ट्रे सकाळी मी आणि रात्री नवरा काढतो. रजई बंद झाली आहे. त्या खोलीत आता नणंद असते आणि ठकी तिच्या पायाशी झोपते. माती आता अगदी चिमूटभर घालते, बाकी नुसतं बेंटोनाइट. पावसाने लिटरचं उघडं पाकीट दमट झालं आणि गोळे नीट होईनात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओतून ठेवलंय. नसबंदीची तारीख घेतली आहे.

कोपरी पूर्व

वा, ऐकून छान वाटलं. आता माझा प्रश्न. गणपतीला गावी जायचंय, कणकवलीला. आमची तीन मांजरं बरोबर न्यावीत का? गावचं घर मोठं आहे, अंगण आहे.

नेरूळकर मावशी

नका नेऊ. गर्दीच्या गाडीत तेवढा प्रवास, अनोळखी घर, ढोल-ताशे, फटाके, आणि दार उघडं राहिलं की अंगणातून मांजर निघून जातं ते सापडत नाही. परत आल्यावर ट्रेची सवय मोडते ती वेगळीच. मांजर माणसाइतकंच जागेलाही धरून असतं. घरातच राहू द्या. शेजाऱ्यांपैकी कुणाला दोन वेळा येऊन खाणं, पाणी आणि ट्रे बघायला सांगा. जायच्या आधी चार-पाच दिवस त्यांना तुमच्यासमोरच येऊ द्या, म्हणजे मांजरं लपून बसणार नाहीत. एक घमेलं जास्तीचं मांडून ठेवा. या दिवसांत लिटर बदलू नका, जे चालू आहे तेच भरपूर आणून ठेवा. भिंतीवर डॉक्टरचा नंबर चिकटवा, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की ट्रे एक दिवस कोरडा दिसला तर तुम्हाला आणि डॉक्टरला, दोघांनाही फोन करायचा.

कोपरी पूर्व

समोरच्या काकू तयार आहेत. झारा कुठे आहे आणि कसा वापरायचा ते आज दाखवून आलो.